थायरॉइड स्पेशल डबा : मेस म्हणून झकास, औषध म्हणून नाही

कोल्हापुरात सध्या डब्यांचं पेव फुटलंय. शुगरवाल्यांचा डबा, वजन उतरवायचा डबा, जिमवाल्या पोरांचा अंड्यांचा डबा, आणि त्यात आता थायरॉइड डबा. हा शेवटचा मी आधी दोन्ही वेळचा लावला होता, आता फक्त दुपारचा घेतो. पाचपैकी तीन गुण देतो. जेवणाला साडेचार, दाव्यांना दीड, भागिले दोन. नाव लिहीत नाही, कारण डबा अजून चालू आहे आणि पोळ्या-भाकरी करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही. राजारामपुरीच्या बाजूला चौकशी केलीत तर असे एकापेक्षा जास्त डबे सापडतील, आणि खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू पडेल.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक. वय ५१. ‘तुम्हाला थायरॉइड? तो तर बायकांना होतो की’ हे स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरचं ऐकून झालंय. बायकांत जास्त आढळतो हे खरं, पण पुरुषांना माफी नाही. आपल्या देशात मोठ्या आठ शहरांत पाहणी झाली होती, २०१३ साली तिचे आकडे छापून आले, त्यात दहातल्या एका प्रौढ माणसाची थायरॉइड ग्रंथी मंद निघाली. माझा प्रकार हाशिमोटोचा. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उठते. ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते आणि माणूस घाटात टॉप गिअरला अडकलेल्या गाडीसारखा धापा टाकतो. थंडी वाजते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, दुपारी दोनला खुर्चीत डोळे मिटतात. सौ. पन्हाळा तालुक्यात शाळेवर, सकाळी सातला घराबाहेर. माझ्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे डबा लावायचाच होता, मग थायरॉइडचा का नको, एवढाच विचार.

आधी जेवणाबद्दल, कारण तिथे या लोकांना मानलं पाहिजे.

दुपारचा डबा स्टीलचा, चार पुडांचा. दोन ज्वारीच्या भाकऱ्या किंवा तीन फुलके, एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक उसळ, वाटीभर भात-आमटी आणि वेगळ्या पुडात काकडी-गाजर-बीट. भाकरी केळीच्या पानात गुंडाळलेली असते, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यामुळे घाम सुटून लगदा होत नाही. दुपारी साडेबारालाही ती मोडताना पापुद्रा सुटा निघतो. हे ज्याला कळतं त्याला त्या बाईंच्या हाताची किंमत कळेल. मुगाची उसळ मोड लांब आलेली, पण शिजून गाळ न झालेली. पडवळाची डाळ घातलेली भाजी आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती, ती इथे खाल्ली. अंबाडी, चाकवत, माठ, घोळ, म्हणजे मंडईत आजीबाई पाटीत घेऊन बसतात ते सगळं माळवं आलटून पालटून येतं. तेल बेताचं. पोटाची तक्रार पहिल्या काही आठवड्यांतच गेली आणि त्याचं श्रेय मी बिनशर्त या डब्याला देतो. भाकरी, उसळ, पालेभाजी, वर तांब्याभर पाणी. मंद थायरॉइडमुळे आतडी सुस्तावतात तेव्हा हेच लागतं.

तिखटाबद्दल मात्र बोलायलाच हवं. कोल्हापूरच्या माणसाला डब्यात कांदा-लसूण चटणीचा वासही येऊ नये हा कुठला न्याय? विचारलं तर डबेवाल्या बाई म्हणाल्या, ‘काका, तिखटानं सूज वाढते.’ कसली सूज, कुठली सूज, काही नाही. थायरॉइड आणि तिखटाचा संबंध मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही. मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये चटणीची छोटी बाटली ठेवतो आणि प्रश्न मिटवतो.

आता त्यांचा चार्ट. डबा लावला की एक रंगीत लॅमिनेट केलेला कागद मिळतो, वर लाल रकान्यात बंदी घातलेल्या गोष्टी. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीची फोडणी, शेंगदाणे, दूध-दही, गहू. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आमच्याकडची निम्मी भाजी होत नाही. आणि ज्या गावात संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढून फेसाळ दूध विकतात, तिथे दूध बंद! बरं, गहू बंद म्हणतात आणि डब्यात फुलके येतात. हे विचारल्यावर उत्तर असं आलं की, फुलके ‘कमी ग्लूटेनच्या’ पिठाचे आहेत. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन. असं काही पीठ असलं तर आमच्या गिरणीवाल्याला ठाऊक नाही. गव्हाचं सांगायचं तर ज्याला सीलिअ‍ॅक नावाचा, म्हणजे ग्लूटेनने आतडी बिघडण्याचा, आजार आहे त्याने तो सोडलाच पाहिजे, आणि हाशिमोटोवाल्यांत सीलिअ‍ॅक जरा जास्त सापडतो, म्हणून डॉक्टर शंका आली तर त्याची तपासणी करायला सांगतात. माझी केली, नाही निघाला. विषय संपला.

कोबीचं प्रकरण मुलीने उकललं. ती बी.फार्म.ला आहे, बापाच्या डब्यावर तिचा अभ्यास चालतो. ती म्हणाली, पप्पा, कोबीची बदनामी सशांपासून सुरू झाली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधनासाठी ठेवलेल्या सशांना रोज कोबी खायला घालत होते, १९२८ मध्ये लक्षात आलं की त्यांचे गळे सुजलेत. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांत अशी द्रव्यं असतात की त्यांच्यामुळे ग्रंथीला आयोडीन नीट वापरता येत नाही. खोटं नाही. पण ससा दिवसभर दुसरं फारसं काही खात नव्हता. माणसांतलं गाजलेलं उदाहरण २०१० सालचं : एक ८८ वर्षांची चिनी वंशाची बाई मधुमेहावर उतारा म्हणून कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्चा बोक चॉय, म्हणजे चिनी कोबी, खात होती, ती थायरॉइड पार ढेपाळून बेशुद्धावस्थेपर्यंत गेली. रोज किलोभर, तोही कच्चा. आपण आठवड्यातून एकदा चण्याची डाळ घालून शिजवलेली कोबीची भाजी खातो. शिजवल्यावर त्यातला तो गुण बराच मरतो, आणि ताटात आयोडीनचं मीठ असेल तर उरल्यासुरल्याची काळजी करायचं कारण नाही.

खरी गंमत पुढे आहे. कोबीवर एवढा राग, आणि भोगीपासून पुढे जवळजवळ रोज डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी! अप्रतिम होती, त्यात वाद नाही, भोगीच्या भाजीसकट. पण गलगंडाशी ज्या धान्याचा संबंध खरोखर अभ्यासला गेलाय ते बाजरीच आहे. सुदानच्या दारफुर भागात बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंडाचं प्रमाण जास्त दिसलं, तिथे आयोडीनचीही कमतरता होती. बाजरीतली ती द्रव्यं वेगळ्या जातीची, भाकरी भाजली म्हणून जात नाहीत. याचा अर्थ बाजरी सोडा असा मुळीच नाही. थंडीत बाजरी खाणारच. अर्थ एवढाच की लाल रकाना बनवणाऱ्याने विचार करून बनवलेला नाही, कुठून तरी उचललाय. मी मालकीणबाईंना हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मिलेट तर सगळ्यात हेल्दी असतं ना सर?’ मग मीच विषय बदलला.

मिठाचा मुद्दा मात्र मी सोडला नाही, आणि हे वाचणाऱ्यांनीही सोडू नये. यांच्या जाहिरातीत अभिमानाने छापलंय, ‘सर्व पदार्थ शुद्ध सैंधवात.’ सैंधवाच्या गुलाबी खड्यात आयोडीन नसल्यातच जमा. आपल्याकडे खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन असलंच पाहिजे असा देशभरचा नियम २००६ पासून पुन्हा लागू आहे, आणि ग्राहकाच्या हातात पडताना ते किमान १५ पीपीएम असायला हवं. म्हणजे ग्रॅमभर मिठातून १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५०. चमचाभर मिठाने निम्मी गरज भागते, उरलेली दूध, अंडी आणि समुद्रातल्या मासळीने. आता यांचा हिशेब बघा : मीठ सैंधव, दूध बंद, डबा शाकाहारी. थायरॉइडच्या नावाने विकलेल्या डब्यातून आयोडीनच गायब!

माझं त्याने फार बिघडणार नव्हतं. मी गोळी घेतो ती थायरॉइडच्या तयार हार्मोनची, आयोडीन त्या हार्मोनमध्येच असतं. पण या डब्याच्या ग्राहकांत लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या, बाळासाठी थांबलेल्या बऱ्याच मुली आहेत, डिलिव्हरीच्या पोराकडूनच कळलं. गरोदरपणी आयोडीनची गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते आणि कमतरता पडली तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. तिथे दोन वेळचं जेवण सैंधवात करून घालणं हा पोरखेळ नाही. हे मी फोनवर न बोलता लिहून पाठवलं. मालकीणबाईंनी मनावर घेतलं, असं म्हणावं लागेल. आता विचारलं तर साध्या आयोडीनच्या मिठात करून देतात. जाहिरातीत मात्र सैंधव अजून झळकतंय.

सकाळचा संच हा या सेवेतला सगळ्यात वाईट भाग. भल्या पहाटे पोरगं येऊन दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातं. आत धण्याचं पाणी, सोयाच्या दुधातली केळ्याची स्मूदी आणि नाचणी-तीळ-अळीवाचा लाडू. लाडू फर्मास, तोंडात टाकला की अळीव दाताखाली कचकन येतं. पण चार्टची पहिली ओळ अशी : ‘थायरॉइडची गोळी सकाळच्या संचासोबत घ्यावी.’ मी तो कागद डॉक्टरांना दाखवायला नेला होता. त्यांनी काही न बोलता खिशातलं पेन काढलं आणि लॅमिनेशनवरूनच ती ओळ खोडली. शाई उमटेना, तरी दोनदा गिरवली.

का, ते त्यांनी मग सांगितलं. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास, जमलं तर तासभर, पोटात काही जाऊ द्यायचं नाही. दुधाचा चहासुद्धा. सोया, कॅल्शिअम, लोह, भरपूर चोथा, पित्ताची औषधं, यांपैकी काहीही बरोबर गेलं तर गोळी आतड्यातून रक्तात पुरती उतरत नाही. कॅल्शिअम आणि लोहाच्या गोळ्या असतील तर चार तास अंतर. यांचा संच बघा, सोया आहे, कॅल्शिअमवाले नाचणी-तीळ आहेत, लोहवाला अळीव आहे. गोळी वाया घालवायची म्हटली तर याहून चांगला बेत सापडणार नाही. सोया विषारी आहे, थायरॉइड मारतं, असंही काही नाही. दुपारी खुशाल खा. भांडण वेळेचं आहे.

माझी अडचण पाळ्यांची. पहिली पाळी असली की पहाटे साडेचारला घर सोडायचं, पाचला स्टँडवर ड्रायव्हर मंडळींबरोबर पहिला चहा. गोळी आणि चहा यांच्यात तासभर अंतर ठेवायचं तर चारच्या आत उठावं लागेल. डॉक्टरांनी तोडगा काढला : गोळी रात्री झोपताना, पण जेवण होऊन तीन तास उलटल्यावर. तेही चालतं. तेव्हापासून तसंच करतोय. गोळीचा डोस तोच ठेवला होता, ७५ मायक्रोग्रॅम. आधी टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं हार्मोन) ६.८ होतं, दोन महिन्यांनी केलं तर ३.१. गोळीत किंवा वेळेत बदल केला की सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासायचं, कारण हे हार्मोन रक्तात सावकाश स्थिरावतं. दर पंधरा दिवसांनी लॅबला पैसे मोजू नका.

रात्रीचा डबा मी बंद केला तो याच कारणाने. कबूल केलेली वेळ साडेसात. येतो कधी आठ, कधी साडेआठ, पावसात नऊ. साध्या मेसला मी याबद्दल बोललो नसतो. पण नऊला जेवून गोळीसाठी बारापर्यंत जागायचं आणि पहाटे पुन्हा साडेचारला घर सोडायचं हे कुणाला जमणार? थायरॉइडच्या पेशंटना डबा पुरवणाऱ्यांनी निदान घड्याळ तरी पाळावं. तक्रार केली की त्या दिवशी लाडू फुकट मिळतो. मला लाडू नको होता.

आणखी दोन वस्तू गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, त्या घेऊ नका. एक समुद्री शेवाळाची पावडर, ‘नैसर्गिक आयोडीन’ म्हणून. अशा शेवाळात आयोडीन किती असेल याचा नेम नसतो, दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट असू शकतं, आणि हाशिमोटोत जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंद पडू शकते. जेवणात आयोडीन नाही आणि पुडीत बदाबदा, ही यांची वाटणी! दुसरी वस्तू केस गळतीसाठीच्या गोड गोळ्या, त्यात बायोटिन नावाचं बी-जीवनसत्त्व. केसांचं काय होतं देव जाणे, पण भरपूर बायोटिन पोटात असेल तर काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. म्हणजे रिपोर्ट झकास आणि माणूस मरगळलेला. घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

वजन. चार किलो उतरलं. यावरून आमचं वाजलं, म्हणून लिहितो. मला न विचारता यांनी ग्राहकांच्या ग्रुपवर टाकलं, ‘एसटीतील आमच्या सरांचा थायरॉइड नॉर्मल, वजनही घटले, फक्त आहाराने!’ फक्त आहाराने? मी रोज रात्री गोळी गिळतो तिचं काय? थायरॉइड मंदावल्याने जे वजन वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं साठलेलं पाणी आणि मीठ. बाकीचं आपण खाल्लेलं. माझं बाकीचं कुठून आलं होतं ते मला ठाऊक आहे, स्टँडच्या मागे कटवड्याची गाडी लागते. डबा आल्यावर गाडीवर जाणं कमी झालं. त्याबद्दल डब्याचे आभार मानतो, पण ती पोस्ट काढायला लावली. ग्रुपवर लगेच एका ताईंनी विचारलं होतं, मग गोळी कधी बंद करता येईल? त्यांना उत्तर मिळालं, ‘तीन महिन्यांचं पॅकेज करा, सुटेल.’

इथे मला राग आला. हाशिमोटोत ग्रंथी बिघडलेली असते, बहुतेकांना गोळी कायमची लागते. ती परस्पर सोडायला लावणं म्हणजे पुढच्याला पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलणं. मुलीने डबेवाल्यांना तिच्या अभ्यासातल्या कायद्याची आठवण करून दिली, १९५४ चा, औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. ज्या आजारांवर ‘बरा करतो’ अशी जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत गलगंडही आहे. त्यानंतर ते ‘सुटेल’ गायब झालं, त्याजागी ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ आलं. चला, तेवढं तरी.

पैशांचं गणित असं : दोन्ही वेळचा डबा आणि सकाळचा संच मिळून महिन्याला ५,८०० रुपये. त्याच गल्लीतली साधी मेस दोन वेळचे ३,००० च्या आसपास घेते, पण तिथे बटाटा रोज आणि तेलाचा तवंग बोटभर. आता मी फक्त दुपारचा डबा २,४०० ला घेतो. पालेभाजी, मोडाची उसळ आणि ती भाकरी यांसाठी हा भाव मला परवडतो. थायरॉइड हा शब्द पुसून टाकला तरी याच भावाने घेईन.

लावणार असाल तर सुरुवातीलाच ठरवून घ्या : मीठ आयोडीनचं, सकाळचा संच नको, पावडर-गोळ्या नकोत, शेंगदाण्याचं कूट चालेल, कोबी शिजवलेला चालेल. सुट्टी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवा, नाहीतर पैसे कापतात आणि हुज्जत घालून परत मिळत नाहीत. आणि हे सगळं ऑफिसच्या नंबरवर फोन करून सांगू नका, तिथून स्वयंपाकघरापर्यंत काही पोचत नाही. मोकळा डबा परत देताना वरच्या पुडात चिठ्ठी ठेवा. भाकरी करणाऱ्या मावशी ती वाचतात आणि दुसऱ्या दिवशी तसंच येतं.